भिंत सोडून

थोरलीचा धंदा दात बनवण्याचा. दातांचे डॉक्टर माणसांच्या तोंडात बघायचे, माप घ्यायचे आणि पुढचं सगळं तिच्याकडे पाठवून द्यायचे. एका लांबट खोलीत, दिव्याखाली मान घालून, ती चिनी मातीची पूड पाण्यात कालवायची, बारीक ब्रशने दाताचा थर चढवायची, भट्टीत भाजायची, घासायची आणि पुन्हा थर चढवायची. खरा दात नुसता पांढरा नसतो. मुळाशी पिवळसर, टोकाला जरा निळसर, मध्ये एखादी पुसट रेघ. ही रेघ थोरलीइतकी बेमालूम कोणाला जमत नसे. तिने केलेले दात मिरवत शहरभर माणसं हसत होती, आणि त्यांतल्या एकालाही ती ठाऊक नव्हती. त्याचं तिला काही वाटत नसे. नाव हवं होतं, पण ते दुसऱ्या ठिकाणी.

काम सुटलं की ती योगाच्या वर्गाला जायची. सायकलच्या दुकानावर एक मोठी खोली होती, लाकडी जमिनीची. एका भिंतीला दोर टांगलेले, कोपऱ्यात घोंगड्यांची चळत. वर्ग चालवणाऱ्या साठीच्या बाईंना सगळे नुसतं ‘बाई’ म्हणत. थोरली त्यांची सगळ्यांत जुनी विद्यार्थिनी. खिडकीजवळची जागा तिची, हे ठरूनच गेलं होतं. एखाद्या नवख्याने चुकून तिथे मॅट टाकली तर बाकीचेच त्याला उठवायचे. ती शीर्षासन करायची ते खोलीच्या मधोमध, कशाचाही आधार न घेता, आणि इतकी निवांत राहायची की वर्गात येणारा एक निवृत्त पोस्टमन म्हणायचा, “ह्यांना कोणीतरी उलटंच पोस्टात टाकलं असणार.” बाई नवख्यांना सांगायच्या, “तिच्याकडे बघा.” ते शब्द कानावर पडले की थोरलीचा दिवसभराचा शीण उतरायचा.

एका गोष्टीपाशी मात्र तिचं घोडं अडलं होतं. ती गोष्ट म्हणजे नुसत्या हातांवर उभं राहणं. तळवे जमिनीला, हात सरळ, पाय थेट वर, आणि मागे भिंत नाही. भिंतीला टाच टेकवून ती म्हणाल तेवढा वेळ उभी राहायची. भिंतीपासून हातभर पुढे सरकली की पाठीची कमान व्हायची, बरगड्या पुढे यायच्या आणि पाय धपकन खाली. बाईंनी कारण केव्हाच सांगितलं होतं. दिवसभर मेजावर वाकून तिचे खांदे पुढे आवळले होते. हात वर नेले तरी कानांच्या पुढेच राहायचे. खांदे उघडत नाहीत म्हणून पाठ वाकते, आणि पाठ वाकली की तोल गेलाच. “दोराला लटकत जा रोज,” बाई म्हणायच्या. पण दोर पडले नवख्यांसाठी. वर्गातल्या सर्वांत जुन्या विद्यार्थिनीने पहिल्या महिन्यातल्या लोकांबरोबर दोराला लोंबकळायचं, हे काही थोरलीच्या पचनी पडत नव्हतं. ती भिंतीशीच झुंजत राहिली, वर्षानुवर्षं.

अशात तिची धाकटी जाऊ वर्गात आली. आणली तीही थोरलीनेच.

घर एकच होतं, खाली थोरली, तिचा नवरा आणि सासूबाई, वर दीर आणि धाकटी. धाकटी रंगकाम करायची. भिंती कोणीही रंगवतो, पण छत रंगवायला लोक तिला शोधत यायचे. दिवसभर शिडीवर उभं राहून, मान मागे टाकून, हात वर. एकदा तिची मान अशी आखडली की कोणी हाक मारली तर अख्खी वळायची. सासूबाई थोरलीला म्हणाल्या, तुझ्या त्या वर्गाला घेऊन जा की तिला. थोरलीने मोठ्या मनाने नेलं. आपली जुनी मॅट दिली, वाटेत श्वास कसा घ्यायचा ते सांगितलं, पहिल्या दिवशी घाबरायचं नाही असा धीरही दिला.

धीराची गरजच नव्हती. मोठ्या वयात उलटं व्हायला शिकणाऱ्यांचा निम्मा वेळ भीती जाण्यात जातो. धाकटी शिडीवरून दोनदा पडलेली बाई. तिला जमिनीची कसली भीती? पहिल्याच शीर्षासनात ती कोलमडली, गोळा होऊन सरकत गेली ती थेट पोस्टमनच्या मॅटवर, आणि तिथेच पडल्या पडल्या हसत सुटली. सगळा वर्ग हसला. थोरलीही हसली. पण बाई हसल्या नाहीत. त्या धाकटीचे खांदे निरखत होत्या.

वर्षानुवर्षं छताकडे हात वर करून करून ते खांदे मोकळे झाले होते. तिने हात वर केले की कान हातांच्या मध्ये सहज बसायचे. मान बरी झाली, पण वर्ग काही सुटला नाही. उलटं व्हायची तिला गोडी लागली. पानं गळत होती तेव्हा ती भिंतीला पाय लावून हातांवर उभी राहायला शिकली. झाडांना नवी पालवी येण्याच्या सुमारास, एका संध्याकाळी, बाईंनी तिला खोलीच्या मधोमध बोलावलं. धाकटीने तळवे टेकले, एक पाय उचलला, मागून दुसरा, आणि दोन्ही पाय वर जाऊन थांबले. नुसते थांबले. बोटं जमिनीला जराशी धरत होती, सोडत होती; बाकी शरीर छताला टांगल्यासारखं सरळ. 

ती खाली आली आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. थोरलीनेही वाजवल्या. तोंडावर हसू ठेवलं, पण ते साच्यात ओतलेल्या मेणासारखं हळूहळू घट्ट होत गेलं, आणि घरी जाईपर्यंत गाल दुखायला लागले.

घरी तर कौतुकाला ऊत आला. धाकटीला न्यायला आलेल्या दिराने फोनवर चित्रीकरण करून आणलेलं. ते सासूबाईंनी इतक्या वेळा पाहिलं की शेवटी त्यांना चष्मा लावायचीही गरज उरली नाही. थोरलीचा नवरा तिला म्हणाला, “तुझीच चेली ना ती?” बिचाऱ्याला वाटलं बायकोला बरं वाटेल. थोरली “हो, माझीच” म्हणाली आणि भांडी घासायला उठली, जी आधीच घासून झाली होती.

ती काही वाईट बाई नव्हती. शेजारणीला नवं घर झालं तेव्हा, बहिणीची मुलगी परदेशी गेली तेव्हा तिच्या पोटात काही दुखलं नव्हतं. ती घरं, त्या मुली तिला नकोच होत्या. पण ही एक गोष्ट तिने इतकी वर्षं मागितली होती, मनगटं सुजवून, नवस केल्यासारखी. आणि ती जाऊन पडली कोणाच्या ओटीत, तर जिने कधी मागितलीच नव्हती तिच्या. बरं, तिला त्याची किंमत तरी असावी? धाकटी नखांत रंग घेऊन वर्गाला यायची, श्वासाच्या वेळी जांभया द्यायची आणि हातांवर उभी राहून पोस्टमनशी गप्पा मारायची.

थोरली बदलली, ती हळूहळू. आधी जिन्यात उभी राहून ती वर हाक मारायची, “चल गं.” ती हाक बंद झाली. बाईंनी एका रविवारी जादा वर्ग ठेवला, तो निरोप तिच्या तोंडातच राहिला. वर्गात ती धाकटीच्या बाजूला जाऊन प्रेमाने चुका दाखवू लागली: पाय जुळव, बरगड्या आत घे, घाई नको. धाकटी “हो ताई” म्हणून खरंच तसं करायची, आणि तिचं आसन आणखी सुधारायचं. थोरलीच्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

एकदा तिने बाईंकडे विषय काढला. म्हणाली, धाकटीला शिस्त नाही, इतक्या लवकर इतकं पुढे नेणं बरं नव्हे. बाई घोंगड्या घडी करत होत्या. त्या घडी करतच राहिल्या.

“तू सध्या तिचंच आसन करतेस,” त्या म्हणाल्या. “स्वतःचं कधी करणार?”

थोरली रागाने लाल झाली. 

वर्गाला बरीच वर्षं झाली म्हणून त्या उन्हाळ्यात जवळच्या वाचनालयाच्या सभागृहात प्रात्यक्षिक ठरलं. साधी आसनं सगळ्यांची मिळून, मग एकेकट्याची, आणि शेवट वृश्चिकासनाने. यात कोपरांपासून हाताचे पुढचे भाग जमिनीवर टेकवून उलटं उभं राहायचं, मग पाठ वाकवून, गुडघे दुमडून पावलं डोक्याच्या दिशेला आणायची, विंचवाच्या नांगीसारखी. शेवट कोण करणार हे विचारायची गरजच नव्हती. बाईंनी थोरलीला नेहमीचं काम दिलं. शेजारी गुडघ्यांवर बसायचं आणि तोल जातोय असं वाटलं की कंबरेला हात लावायचा. हे काम तिच्याइतकं नीट कोणी करत नसे. किती नवख्यांना तिने पडता पडता झेललं होतं.

सभागृह भरलं होतं. सासूबाई पहिल्या रांगेत, शेजारी दोघे भाऊ. धाकटी मधोमध आली, कोपरं टेकवली, वर गेली. पाठ वाकली, पावलं हळूहळू खाली येत डोक्यावर आली. तिची नजर समोर होती आणि चेहऱ्यावर कष्टाचा मागमूस नव्हता. थोरली हातभर अंतरावर बसली होती. तिला सासूबाईंचे डोळे दिसले, भरून आलेले. इतक्या वर्षांत सासूबाईंनी आपल्याकडे असं कधी पाहिलं होतं का, हे ती आठवू लागली.

तेवढ्यात तिला धाकटीचं उजवं कोपर बाहेर सरकताना दिसलं. अगदी जरासं. त्याचा अर्थ तिला पुरता माहीत होता: कोपर सरकलं की खांदा बसतो, खांदा बसला की छाती खाली येते. आता हात लावायचा. तिच्या मनात हे सगळं स्पष्ट आलं, शब्दांसकट. आणि तिचे हात मांडीवरच राहिले. एका श्वासापुरते असतील, जास्त नाही.

धाकटी पुढे कोसळली. छाती आपटली, मग हनुवटी. लाकडावर जो आवाज झाला तो शेवटच्या रांगेपर्यंत गेला.

मग थोरलीने तिला उचललं, तोंडावर रुमाल धरला, गाडीत मांडीवर डोकं घेऊन बसली. सगळ्यांनी पाहिलं आणि सगळे म्हणाले, जाऊ असावी तर अशी. हाड मोडलं नव्हतं, हनुवटीला टाके पडले, आणि वरचा पुढचा एक दात निम्मा तुटला होता. बाई दवाखान्यात येऊन गेल्या. जाताना त्यांनी थोरलीकडे नुसतं पाहिलं, आणि त्या नजरेने ती भिंतीकडे तोंड करून उभी राहिली.

तुटलेल्या दातावर कॅप बसवायची ठरली. ती कोण बनवणार, हेही विचारायची गरज नव्हती. पुढच्या दाताचा रंग जुळवायला थोरली स्वतः डॉक्टरांकडे जायची, तशी याही वेळी गेली. धाकटी खुर्चीत आडवी होती, ओठ अजून सुजलेला. थोरली रंगांची पट्टी तिच्या दातांशी धरून एकेक छटा बघत होती. डॉक्टर बाहेर दुसऱ्या माणसाला बघायला गेले.

“ताई,” धाकटी म्हणाली, “तुमचे हात मांडीवर होते.”

थोरलीने पट्टी दातांपासून बाजूला घेतली.

“मला दिसत होते. माणूस उलटं असलं तरी बाजूचं दिसतं.”

“हो,” थोरली म्हणाली. दुसरं काय म्हणणार? दिसलंच नाही, लक्ष नव्हतं, असली चार-पाच वाक्यं तिने तयार ठेवली होती. त्यांतलं एकही बाहेर आलं नाही.

“का?”

“मला जमत नाही ते तुला जमतं म्हणून.”

धाकटी वर छताकडे बघत होती. ती रडेल, किंवा उठून जाईल, घरात सगळ्यांना सांगेल, असं थोरलीला वाटलं. खरं तर तिने काहीतरी करावं असंच तिला वाटत होतं.

“मग दात तरी नीट करा,” धाकटी म्हणाली आणि तिने तोंड पुन्हा उघडलं.

थोरलीने आयुष्यात इतकं मन लावून काम केलं नव्हतं. शेजारच्या दातावर एक पुसट पांढरा ठिपका होता, लहानपणच्या कुठल्या तापाचा. तो तिने नव्या दातात उतरवला. पहिला दात तिला जरा निर्जीव वाटला, तो तिने फोडून टाकला आणि दुसरा केला. हातून चूक होऊ द्यावी, जराशी, कोणाच्या लक्षात येणार नाही अशी, हा विचार आलाच नाही असं कसं म्हणावं? आला. ब्रश हातात असताना आला आणि ती खुर्चीवरून उठून तोंडावर पाणी मारून आली.

दात बसला आणि धाकटीचं रूपच पालटलं. तुटला तो दात मुळात जरा तिरका होता. नवा सरळ बसला. जो तो म्हणू लागला, धाकटी हसली की किती छान दिसते. आपल्याच हाताने केलेला दात दुसरीच्या तोंडात चमकताना बघून थोरलीला पुन्हा तीच जुनी जळजळ झाली, आणि या वेळी स्वतःचाच इतका राग आला की तिला हसू फुटलं.

घरात धाकटीने कोणाला काही सांगितलं नाही. थोरलीशी ती पूर्वीसारखीच बोलायची, फक्त जरा मोजून. वर्गाला मात्र ती परत आली नाही. आधी टाके होते, मग एका नाट्यगृहाच्या छताचं मोठं काम आलं. सासूबाईंनी एकदा जेवताना विचारलं, पुन्हा कधी सुरू करणार?

“जमलं ना एकदा,” धाकटी म्हणाली. “आता रोज उठून तेच काय करायचं?”

थोरलीच्या मनाला हे जेवढं लागलं तेवढं बाकी काही लागलं नव्हतं. तिच्या हातून धाकटी पडली म्हणून वर्ग सुटला असता तर ते ओझं तिने वाहिलं असतं. त्याची तिने तयारीही केली होती. पण नाही. हिला कंटाळा आला होता. जे आपल्याला जन्मभर हवं होतं ते हिने उचललं, घालून पाहिलं आणि जुन्या झग्यासारखं खुंटीला लावलं. त्या आठवड्यात थोरली रस्त्याने चालताना स्वतःशीच भांडायची.

मग एका संध्याकाळी ती वर्गात गेली, खिडकीजवळची जागा सोडून दोरांपाशी उभी राहिली आणि म्हणाली, “बाई, कसं लटकायचं ते पुन्हा दाखवा.” बाईंनी दाखवलं.  दोन्ही बाजूंना पहिल्या महिन्यातली पोरं लोंबकळत होती आणि मध्ये थोरली. पोस्टमन म्हणाला, आता ह्या परतीच्या टपालात आल्या. पुढचं वर्ष जवळजवळ सगळं तिने खांद्यांवर घालवलं: दोर, खुर्चीच्या कडेवर कोपरं, दारात हात अडकवून उभं राहणं. कामावरही ती मेज उंच करून घेऊन बसू लागली. कशासाठी करते आहे हे तिला कोणी विचारलं असतं तर तिने आरोग्यासाठी म्हणून सांगितलं असतं, आणि ते साफ खोटं ठरलं असतं. तिला धाकटीच्या पुढे जायचं होतं, धाकटी शर्यतीत नसली तरी.

आणि एके दिवशी ते झालं. मोठं काही वाटलं नाही. ती वर गेली, नेहमी वाकायची तिथे पाठ वाकलीच नाही, आणि पाय वर जाऊन राहिले. मागे भिंत नव्हती. बोटांनी जमिनीला धरायचं, सोडायचं. उलट्या दिसणाऱ्या खोलीत तिने सगळ्यांचे चेहरे शोधले, बाई, पोस्टमन, दोराला लटकलेली पोरं. आणि जिने बघायला हवं होतं ती कुठे नाही हे लक्षात येताच ती खाली आली. टाळ्या झाल्या. बाईंनी पाठीवर हात ठेवला.

घरी तिने काही सांगितलं नाही, पण पोस्टमनच्या पोटात काही राहत नसे. दुसऱ्याच दिवशी दिराला रस्त्यात गाठून त्याने बातमी दिली. कामावरून आलेली धाकटी, डोक्याला रंगाचा फडका तसाच, थेट खाली आली. “दाखवा,” ती म्हणाली. थोरली नको नको म्हणाली, पण खुर्च्या सरकवल्या आधी तिनेच. जेवणाच्या खोलीत मधोमध तिने हात टेकले आणि ती वर गेली. शांतपणे राहिली, सासूबाई “अगं पुरे” म्हणेपर्यंत.

खाली आल्यावर तिने आधी धाकटीकडे पाहिलं. धाकटी हसत होती. पण हसू जरा जास्त वेळ तिथेच राहिलं, जराही न हलता, आणि ते कसलं हसू हे थोरलीपेक्षा जास्त कोणाला कळणार होतं?

“इतका वेळ मला कधी जमलं नव्हतं,” धाकटी म्हणाली. डोक्याचा फडका सोडला, त्याची घडी केली, पुन्हा उलगडला आणि वर निघून गेली.

त्या संध्याकाळी सगळे जेवायला बसले आणि डोक्यावर धप्प आवाज झाला. दिवा हलला. थोड्या वेळाने पुन्हा धप्प. सासूबाईंनी वर पाहिलं. नवरा म्हणाला, “काय चाललंय हे वर?”

“सामान हलवत असतील,” थोरली म्हणाली आणि तिने आणखी भाजी वाढून घेतली. भूक अशी बऱ्याच दिवसांत लागली नव्हती. प्रत्येक धप्प आवाजाला तिला घास जास्तच गोड लागत होता. वर्षभर सोडलं की तोल कसा हरवतो, मनगटं कशी विसरतात, तिला सगळं पाठ होतं.

पुन्हा एकदा पाय उचलल्याची चाहूल लागली, लाकूड करकरलं. थोरलीने आवाजाची वाट पाहिली. तो आला नाही. अजून आला नाही. सासूबाई पुन्हा बोलायला लागल्या, नवऱ्याने पाणी मागितलं. आणि थोरली हातातला घास हातातच धरून छताकडे बघत बसली.